एफ७ वर पुन्हा घोडा पडला? टू नाइट्समध्ये काळ्याचा डाव कोसळतो तेव्हा काय तपासायचं

नाशिकमध्ये रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या) बुद्धिबळ स्पर्धेत कुठल्याही हॉलच्या मधल्या पटांवरून चक्कर मारा, पहिल्या दहा मिनिटांत हा बिघाड एका तरी पटावर दिसतोच. काळा राजा पटाच्या मधोमध उभा, वजीर आणि दोन्ही उंट जागचे हललेले नाहीत, आणि समोरचा खेळाडू खुर्चीत मागे टेकून बसलेला. शाळकरी मुलांचं तर होतंच, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करून सुट्टीच्या दिवशी खेळायला येणाऱ्या मोठ्या माणसांचंही होतं. मी मुलांना शिकवतो आणि हेच दुखणं घेऊन माणसं वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. त्यामुळे तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. आधी फुकटचं, मग थोड्या मेहनतीचं, आणि शेवटी पैशाचं.

लक्षणं

डाव असा सुरू होतो: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५. हा टू नाइट्स डिफेन्स. (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी; × म्हणजे मारणं; आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.) पांढऱ्याचा उंट आणि घोडा दोघेही एफ७ च्या प्याद्यावर रोखलेले आहेत आणि त्या प्याद्याला राखायला फक्त राजा आहे. इथून पुढे खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या बाबतीत वारंवार घडत असतील तर पुढे वाचा.

- एफ७ वर बसलेल्या घोड्याने वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम हल्ला केला आणि हत्ती गेला.
- आठव्या चालीला काळा राजा ई६ वर होता.
- ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाठ आहे, पण दहाव्या चालीनंतर एक प्यादं कमी असतं आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही. डाव हळूहळू गळत जातो.
- मोबाइलवर हीच ओपनिंग जमते, स्पर्धेच्या पटावर फसते.
- एका स्पर्धेतले पांढऱ्याचे गुण बरे, काळ्याचे जवळपास शून्य.
- दर पराभवानंतर नवी ओपनिंग शोधली जाते आणि महिन्याभरात गाडी परत इथेच येते.

डाव तिसाव्या-चाळिसाव्या चालीपर्यंत बरोबरीत असतो आणि मग हातचा जातो, असं असेल तर तो बिघाड वेगळा आहे. त्यासाठी एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) बघा, ओपनिंगला हात लावू नका.

आधी स्कोअरशीट काढा

याला एक पैसा लागत नाही, तरी हेच सगळ्यात कमी केलं जातं. स्कोअरशीट म्हणजे चाली लिहिलेला कागद. हरलेले शेवटचे काही डाव काढा आणि प्रत्येकात फक्त एकच गोष्ट शोधा: डाव नेमका कुठल्या चालीला बिघडला? मात कधी झाली ते सोडून द्या. ज्या चालीनंतर काळ्याकडे चांगला पर्यायच उरला नाही, ती चाल हवी आहे.

रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नसते, म्हणून शीट नसेल. अशा वेळी डाव संपल्या संपल्या, डबा उघडण्याआधी, पहिल्या दहा-बारा चाली वहीत आठवून लिहायच्या. दुसरा डाव सुरू झाला की पहिला पुसला जातो.

हे का करायचं? कारण ‘मी टू नाइट्समध्ये हरतो’ हे निदान नाही. त्याच्या आत चार वेगवेगळे बिघाड आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

जर चौथ्या चालीला ४... एच६ झालं असेल, तर घोड्याला हाकलायला जाऊन तुम्ही त्याला एफ७ वर पाठवलं. ५. घोडा×एफ७ आणि डी८ चा वजीर व एच८ चा हत्ती दोघेही तोंडात. ४... वजीर ई७ केलं असेल तर ५. उंट×एफ७ शह, राजाला डी८ वर जावं लागतं, किल्लेकोट गेला आणि वजिराने स्वतःच्याच उंटाची वाट अडवली. ४... घोडा×ई४ हा तिसरा प्रकार. त्याला ५. उंट×एफ७ शह हे साधं उत्तर आहे. हे तिन्ही बिघाड एका बैठकीत सुटतात. ४... डी५ ही चाल आणि तिचं कारण एकदा डोक्यात बसलं की झालं. काळ्याचा एफ८ चा उंट अजून हललेला नाही, म्हणजे किल्लेकोट करून हत्तीने एफ७ राखता येत नाही. मग उरतं काय? पांढऱ्या उंटाची तिरकी रांग मध्येच तोडणं. डी५ चं प्यादं तेच करतं.

पाचव्या चालीला बिघाड असेल तर खालचा डी५ चा भाग वाचा. दहाव्यानंतर असेल तर त्याच्या पुढचा. आणि शीटवर बिघाडाची जागा दर डावात वेगळी सापडत असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

घड्याळ

शीटवर चालीशेजारी घड्याळातला वेळ लिहिण्याची नियमाने मुभा आहे. क्लासिकल (लांब वेळेच्या) डावात चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या चालीला वेळ टिपून ठेवा.

गेल्या हिवाळ्यात नाशिक रोडच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती, १५ मिनिटं अधिक दर चालीला ५ सेकंद. सिन्नरहून आलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी काळ्याने खेळत होती. ४. घोडा जी५ ला तिने डी५ खेळली, अगदी बरोबर. पांढऱ्याने ५. ई×डी५ घेतलं. तिचा हात घोड्यावर आधीच होता. पांढऱ्याने घड्याळ दाबताच तिने ५... घोडा×डी५ केलं आणि स्वेटरच्या बाहीत हात ओढून घेतले. घड्याळावर १५ मिनिटांच्या वर वेळ होता, म्हणजे सुरुवातीला दिलेल्यापेक्षाही जास्त. तीन चालींनंतर तिचा राजा ई६ वर होता आणि आता मात्र ती विचार करत होती, मिनिटंच्या मिनिटं.

डाव संपल्यावर मी विचारलं, “पाचव्या चालीला काय बघितलंस?”

“सर, प्यादं फुकट होतं ना.”

“आणि त्याने काय खेळलं असतं तर तुला आवडलं नसतं?”

ती पटाकडे बघत राहिली, मग तिने स्वतःच पांढरा घोडा उचलून एफ७ वर ठेवला. “हे.”

म्हणजे तिला दिसत होतं. बघायला वेळ होता. बघितलं नव्हतं. हा बिघाड ओपनिंगचा नाही आणि ओपनिंगचा कुठलाही कोर्स घेऊन तो जात नाही. टोकदार ओपनिंगमध्ये पहिल्या सात-आठ चालींतच डावाचा निकाल लागू शकतो, आणि नेमक्या त्याच चाली माणूस पाठ म्हणून भराभर खेळतो. त्यावर उपाय साधा: समोरच्याने तुमचा मोहरा किंवा प्यादं घेतलं की आधी दोन्ही हात मांडीखाली. परत घ्यायचं का, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही. ऐकायला पोरकट वाटेल, पण मोठ्या माणसांनाही मी हेच करायला लावतो आणि बऱ्याच जणांचं निम्मं दुखणं इथेच थांबतं.

वाट बदलून पाहा

स्पर्धा चालू आहे, दुपारी परत काळे मोहरे आहेत आणि शिकायला वेळ नाही, अशा वेळी तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी ३... उंट सी५ खेळा. दोन मिनिटांत जमणारी ही तात्पुरती दुरुस्ती आहे.

ती का चालते ते समजून घ्या, कारण पुढे हेच परत लागणार आहे. डी८ च्या वजिराची एक तिरकी वाट ई७, एफ६ वरून जी५ पर्यंत जाते. काळ्याने ई५ खेळल्यावर ती उघडते. तिसऱ्या चालीला घोडा एफ६ वर आला की तुम्हीच ती वाट बंद करता, आणि म्हणून पांढरा घोडा जी५ वर सुखाने बसतो. ३... उंट सी५ नंतर वाट मोकळी राहते. ४. घोडा जी५ केलं तर ४... वजीर×जी५ आणि घोडा गेला.

पुढे पांढऱ्याने ४. डी३ करून, तुमचा घोडा एफ६ वर आल्यावर ५. घोडा जी५ केलं, तरी घाबरू नका. आता एफ८ चा उंट बाहेर आहे, त्यामुळे ५... किल्लेकोट करता येतो. राजा आणि हत्ती दोघे मिळून एफ७ राखतात. पांढऱ्याने तिथे घोडा आणि उंट दोन्ही दिले तर बदल्यात त्याला एक हत्ती आणि एक प्यादं मिळतं, पण त्याचे बाहेर आलेले दोन्ही मोहरे संपलेले असतात. डावाच्या सुरुवातीला हा सौदा काळ्याच्या फायद्याचा असतो.

अर्थात ३... उंट सी५ नंतर पांढऱ्याकडे ४. बी४ हा इव्हान्स गॅम्बिट (प्यादं देऊन केलेला हल्ला) आहे, तोही टोकदारच. म्हणून याला मी तात्पुरतं म्हणतो. मात्र चौदाशेच्या आतल्या रेटिंगच्या खेळाडूने वर्षभर एवढंच खेळलं तरी काही बिघडत नाही. ‘टू नाइट्स आलाच पाहिजे’ असा हट्ट पालक धरतात तेव्हा मी त्यांना हेच सांगतो.

डी५ चं प्यादं परत घ्यायचं नाही

आता मुख्य बिघाड. माझ्याकडे येणाऱ्या दहा शीटपैकी बहुतेकांवर हीच चाल असते: ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ घोडा×डी५.

यानंतर पांढरा ६. घोडा×एफ७ खेळतो. राजाला घ्यावं लागतं: ६... राजा×एफ७. मग ७. वजीर एफ३ शह. हा शह तर आहेच, शिवाय डी५ च्या घोड्यावर दुसरा हल्लाही आहे, कारण सी४ चा उंट त्याच्यावर आधीच रोखलेला आहे. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर यावं लागतं. ८. घोडा सी३, तिसरा हल्ला. आणि तो घोडा हलू शकत नाही, कारण तो राजा आणि सी४ च्या उंटाच्या मध्ये अडकलेला आहे. यालाच फ्राइड लिव्हर म्हणतात. ज्युलिओ चेझारे पोलेरिओ या इटालियन खेळाडूच्या नावाशी हा हल्ला जोडला जातो, म्हणजे तो चारशे वर्षांचा जुना आहे आणि अजून मुलं त्यात पडतात.

इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) लावून शांतपणे बसलं तर काळ्याला इथे तग धरायच्या काही चाली सापडतात. रॅपिडच्या घड्याळावर, राजा पटाच्या मध्यावर असताना, त्या सापडत नाहीत. आणि कुणी ६. घोडा×एफ७ ला तयारी करून आला तर पांढऱ्याकडे ६. डी४ ही चाल आहेच. तिने एफ७ वरची टांगती तलवार तशीच राहते आणि मधली पट्टी उघडते. पुष्कळ जाणकार हिला जास्तच धोकादायक मानतात. त्यामुळे ५... घोडा×डी५ मध्ये सुधारणा शोधत बसू नका. तिथे वेळ घालवणं बंद करा.

योग्य चाल ५... घोडा ए५. उंटावर हल्ला. ‘घोडा कडेला नेऊ नये’ असं सगळ्यांना शिकवलेलं असतं, म्हणून मुलांचा हात इथे अडखळतो. म्हणून कारण सांगतो. एफ७ वर दोन मोहरे रोखलेले आहेत, त्यातला खरा घातक उंट आहे. त्याला हलवलं की एकट्या घोड्याने एफ७ वर काही होत नाही.

पुढे मुख्य रांग, म्हणजे चालींचा क्रम, अशी: ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५. सातव्या चालीला सी६ चं प्यादं बी च्या प्याद्यानेच घ्या, घोड्याने नाही. प्याद्याने घेतलं की उंटावर पुन्हा हल्ला होतो आणि त्याला परत हलावं लागतं.

आता पटाकडे नीट बघा आणि मोजा. पांढऱ्याने दहा चाली केल्या. त्यातल्या तीन उंटाने केल्या: सी४, बी५, ई२. चार घोड्याने केल्या: एफ३, जी५, परत एफ३, ई५. उरलेल्या तीन ई च्या प्याद्याने केल्या आणि ते प्यादं आता पटावर नाही. म्हणजे दहा चालींच्या शेवटी पांढऱ्याचे दोनच मोहरे बाहेर आहेत, त्यातला उंट ई२ वर कोंडल्यासारखा बसला आहे, आणि चाल काळ्याची आहे. काळ्याचं एक प्यादं कमी आहे. त्या एका प्याद्याच्या बदल्यात हा सगळा वेळ विकत घेतलेला आहे.

मुलांना मी हे तोंडी सांगत नाही, बोटं मोजून घेतो. एकदा स्वतः मोजलं की ए५ चा घोडा चुकीचा वाटणं थांबतं.

पांढरा आठव्या चालीला ई२ ऐवजी उंट डी३ वरही नेतो. अलीकडे हे बरंच दिसतं. कारण मग घोड्याला मागे जायला ई४ चं घर मिळतं आणि तुमचं ई५-ई४ ढकलणं जमत नाही. तेव्हा ८... घोडा डी५ खेळा. वजिराची तीच तिरकी वाट आठवते? एफ६ वरचा घोडा बाजूला झाला आणि वाट उघडली. आता जी५ चा घोडा वजिराच्या तोंडात आहे.

सहाव्या चालीला शह न देता ६. डी३ खेळणारेही भेटतात, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी हे खेळत असे. तिथेही ६... एच६ आणि मग ७. घोडा एफ३ ई४ हीच रीत.

एक इशारा. पाचव्या चालीला ५... बी५ आणि ५... घोडा डी४, तसंच चौथ्या चालीला ४... उंट सी५, हे जास्त झणझणीत मार्ग आहेत आणि व्हिडिओंमध्ये ते फार आकर्षक दिसतात. ४... उंट सी५ ला ट्रॅक्सलर म्हणतात, कारेल ट्रॅक्सलर या चेक धर्मगुरूने तो १८९० मध्ये खेळला. त्यात काळा एफ७ खुशाल घेऊ देतो आणि एफ२ वर उंट देऊन उलटा हल्ला चढवतो. ५... बी५ चा सर्वांत गाजलेला डाव पत्राने झाला. १९६५ ते ६८ च्या पाचव्या जागतिक पत्रबुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेत याकोव्ह एस्ट्रिनविरुद्ध हान्स बर्लिनरने काळ्याने ५... बी५ ६. उंट एफ१ घोडा डी४ ७. सी३ घोडा×डी५ ८. घोडा ई४ वजीर एच४ असा मोहरा देऊन हल्ला केला आणि डाव जिंकला. स्पर्धाही त्यानेच जिंकली. अप्रतिम डाव आहे, जरूर पटावर लावून बघा. पण बर्लिनरकडे एकेका चालीला दिवसच्या दिवस होते. तुमच्याकडे पाच सेकंदांची वाढ आहे. आणि ५... बी५ ला ६. उंट एफ१ हे माघारीचं उत्तर माहीत असलेला खेळाडू समोर आला की सगळा आधार पाठांतरावर येतो. ५... घोडा ए५ मध्ये कारणं समजून खेळता येतं, म्हणून दुरुस्ती म्हणून मी तेच देतो.

दहाव्या चालीनंतर

इथून पुढे कष्ट आहेत. ५... घोडा ए५ शिकलेल्या खेळाडूचा बिघाड बहुतेक वेळा इकडे सरकतो: प्यादं दिलं, वेळ मिळाला, आणि मग तो वेळ वाया घालवला. ए६, एच५ अशा निवांत चाली सुरू होतात. पाच चालींत पांढरा सावरतो, आणि मग खरंच फक्त एक प्यादं कमी असतं.

म्हणून दहाव्या चालीनंतर प्रत्येक चालीला एकच कसोटी: या चालीने नवा मोहरा लढाईत आला का, किंवा पांढऱ्याच्या एखाद्या मोहऱ्याला पुन्हा हलावं लागलं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर दुसरी चाल शोधा.

नमुना म्हणून १०... उंट डी६. ई५ च्या घोड्यावर हल्ला. ११. डी४ ई×डी३ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेत घेऊन) १२. घोडा×डी३ वजीर सी७. आता वजीर आणि उंट एकाच तिरक्या रांगेत एच२ वर रोखलेले आहेत, त्यामुळे पांढऱ्याला लगेच लहान किल्लेकोट करता येत नाही. तुम्ही मात्र करा. मग हत्ती ई८ वर, सी८ चा उंट एफ५ वर, दुसरा हत्ती डी८ वर. एवढ्या चालींचं चित्र डोळ्यांसमोर असलं की पाठांतर कमी लागतं.

आणि ए५ चा घोडा! सगळ्यात जास्त विसरला जाणारा मोहरा तोच. त्याचं काम उंटाला हलवल्यावर संपलं, नंतर तो तिथेच बसून राहतो आणि शेवटी पांढरा बी४ खेळून त्याला पकडतो. बी७ वरून परत खेळात आणा किंवा सी४ वर बसवा, पण पंधराव्या चालीच्या आसपास त्याची सोय लावलेली असली पाहिजे. हरलेल्या शीटवर हा घोडा शेवटपर्यंत ए५ वर होता का, एवढंच बघा. किती तरी डावांचं उत्तर तिथे असतं.

इंजिन आणि सराव

लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर विश्लेषण फुकट आहे, मास्टर लोकांच्या डावांचा साठाही फुकट बघता येतो. पण क्रम पाळा: आधी स्वतःचं मत वहीत लिहा, मग इंजिन लावा. उलट केलं तर काहीच शिकलं जात नाही. इंजिन दहाव्या चालीनंतर पांढऱ्याला किंचित सरस दाखवतं, कारण प्यादं त्याच्याकडे आहे. तो आकडा बघून ओपनिंग टाकून देऊ नका. पांढऱ्याला ती सरशी टिकवायला एकामागून एक अचूक चाली लागतात, आणि तुमच्या समोर बसलेला माणूस इंजिन नाही.

मास्टर लोकांचे डाव बघताना चाली पाठ करू नका. दहावी ते विसावी चाल झाकून ठेवा, काळ्याच्या चाली ओळखायचा प्रयत्न करा, मग उघडा.

सरावासाठी एक जोडीदार हवा. पट थेट १०. घोडा ई५ च्या स्थितीत मांडायचा आणि तिथून दहा-दहा मिनिटांचे डाव खेळायचे, बाजू बदलून. पांढऱ्याने खेळणंही तितकंच गरजेचं आहे. पांढऱ्याला तिथे कुठे कोंडी होते ते स्वतः अनुभवलं की काळ्याने कुठे दाबायचं ते कळतं. जोडीदार नसेल तर आई किंवा बाबा चालतील, त्यांना मोहऱ्यांच्या चाली येत असल्या म्हणजे पुरे. कॉलेज रोडवरचे एक बाबा असेच लेकीबरोबर रोज रात्री जेवणानंतर एक डाव याच स्थितीतून खेळायचे. स्वतः स्पर्धा कधी खेळले नाहीत, पण पोरीचा बिघाड त्यांनी घालवला.

पांढऱ्याने हाच हल्ला करणाऱ्यांसाठी, थोडक्यात

फ्राइड लिव्हरवर वर्षभर जिंकलेला मुलगा एके दिवशी ५... घोडा ए५ खेळणाऱ्याला भेटतो आणि त्याची वाढ तिथेच थांबते. ४. घोडा जी५ ला जुन्या काळातल्या टाराश या जर्मन खेळाडूने नवशिक्याची चाल म्हणून हिणवलं होतं, पण स्टाइनिट्झ आणि फिशर या दोन्ही जगज्जेत्यांनी ती खेळली. मुख्य रांगेत नवव्या चालीला घोडा एफ३ ऐवजी एच३ वर नेण्याची स्टाइनिट्झची कल्पना त्याने चिगोरिनविरुद्धच्या तारेने खेळलेल्या सामन्यात वापरली आणि हरला. तीच कल्पना फिशरने १९६३ साली बिस्गायरविरुद्ध वापरली आणि जिंकला. तेव्हा चाल वाईट नाही. प्यादं घेतल्यावर पुढच्या दहा चाली बचाव करायची तयारी हवी, आणि फुकटच्या विजयांवर वाढलेल्या मुलांकडे नेमकी तीच नसते.

कुठे थांबायचं आणि प्रशिक्षक कधी गाठायचा

वरचं सगळं दोन-तीन महिने मनापासून केलं आणि तरी खालच्यापैकी काही दिसत असेल, तर घरगुती दुरुस्ती थांबवा.

डाव दर वेळी वेगळ्याच चालीला बिघडतो. म्हणजे प्रश्न ओपनिंगचा नाही, दोन-तीन चालींचे हल्ले दिसत नाहीत. ते शिकवायला रोजची कोडी आणि त्यावर लक्ष ठेवणारं माणूस लागतं.

घरी सगळं बरोबर सांगता येतं, स्पर्धेत हात थरथरतात. इथे मी ओपनिंगला हातच लावत नाही.

खेळाडू सतराशे-अठराशेच्या पुढे गेला आहे आणि समोरचे तयारी करून येतात. आता कोणत्या रांगा ठेवायच्या, कोणत्या टाकायच्या हे तुमचे डाव वाचणाऱ्या अनुभवी माणसानेच ठरवायला हवं.

मूल रविवारी सकाळी उठायला तयार नाही, पट मांडायचं नाव काढलं की चिडतं. तेव्हा महिनाभर स्पर्धाच बंद करा. कुठल्याही प्रशिक्षकाकडे नेण्याआधी हे करा.

नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी याच्यामुळे इथल्या पालकांची स्वप्नं मोठी झाली आहेत आणि त्याचा मला आनंदच आहे. २०२४ च्या टोरांटोच्या कॅन्डिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेत त्याने अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवलं, त्यातलं एकदा काळ्या मोहऱ्यांनी. ते बघून गावातल्या प्रत्येक मुलाला टोकदार डाव खेळावासा वाटतो. पण म्हणून आठ वर्षांच्या मुलासाठी महागडे ओपनिंग कोर्स विकत घेऊ नका. हा बिघाड त्याने जात नाही.

प्रशिक्षकाकडे जाताना काळ्याने हरलेल्या डावांची शीट सोबत न्या, जिंकलेली दोन-तीनही न्या, आणि शक्य असेल तिथे चालींशेजारी वेळ लिहिलेला असू द्या. पहिल्याच भेटीत शीट न बघता जो नवी ओपनिंग सुचवेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. जो पाचव्या चालीवर बोट ठेवून मुलालाच विचारेल, “इथे तू काय बघत होतास?” त्याच्याकडे निदान एक हंगाम राहा.